फिट आली तर कोण बघणार?

"मॅडम, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. बसत नाही, बोलत नाही, त्यात फिट येतात. त्याला तासभर सांभाळेल असं कुणी मिळेल का?"

हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते, आणि 'तासभर' म्हणतानाही तिचा आवाज खाली गेलेला असतो, जणू काही भलतंच मागते आहे. उत्तरादाखल सातारा जिल्ह्यातल्या एका कुटुंबाची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला घरात सगळे सोन्या म्हणतात, इथंही तेच म्हणू.

सोन्या जन्मल्यावर लगेच रडला नाही. काही दिवस काचेच्या पेटीत होता. पुढं मान धरेना, आणि सहाव्या महिन्यात पहिली फिट आली. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा नसणं), बौद्धिक अक्षमता आणि अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, असं तिन्ही त्याच्या फाइलवर लिहिलेलं आहे. औषधं नियमित चालू आहेत, तरी महिन्यातून काही वेळा फिट येतेच. वडील टेम्पो चालवतात, पहाटे निघतात ते रात्री येतात. सासूबाईंचे गुडघे गेलेले. म्हणजे सगळं आईवर. सख्ख्या भावाच्या लग्नातही ती हळदीपुरती जाऊन आली होती. रात्री झोपताना तिचा हात सोन्याच्या छातीवर असतो, फिट आली तर कळावं म्हणून. सलग झोप कशी असते ते आठवत नाही, असं ती म्हणाली. ही तिची तक्रार नव्हती, मी विचारलं म्हणून सांगितलं.

मदत शोधायचा प्रयत्न त्यांनी केला होता. तालुक्याच्या एका विशेष शाळेनं सांगितलं, "आधी फिट थांबवून आणा, मग प्रवेशाचं बघू." व्यायाम घेणाऱ्यांनीही हात लावायला नको म्हटलं. नातेवाईक तर "आम्हाला भीती वाटते गं" म्हणून मोकळे. म्हणजे प्रत्येक दार फिटपाशीच बंद होत होतं.

म्हणून अशा घरात मी संस्थेचा पत्ता देण्याआधी विचारते, "घरात दुसरं कोण आहे?" कितीही चांगली संस्था मिळाली तरी संध्याकाळी मूल घरीच येतं. फिटच्या वेळी न घाबरता पाच मिनिटं जवळ थांबेल असं दुसरं माणूस तयार झालं, की पुढची बरीच दारं उघडतात. माझ्या मते प्रमाणपत्र, योजना, शाळा या सगळ्यांच्या आधीची मदत हीच.

सोन्याच्या घरात दुसरं माणूस म्हणजे आजोबा. ते साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. नातवावर जीव, पण फिट आली की ते एकतर कांदा फोडून नाकाशी धरायचे, नाहीतर बघवत नाही म्हणून अंगणात निघून जायचे. आई म्हणाली, "मामांना नाही जमायचं, मॅडम." मामा, म्हणजे तिचे सासरे, शेजारीच बसले होते. मी त्यांना विचारलं, "तुमचं घड्याळ बरोबर चालतं का हो?" त्यांनी मनगट पुढं केलं. जुनं चावीचं घड्याळ, सेकंदकाटा शाबूत.

मग आम्ही सतरंजीवर सराव केला. सोन्याच्या जागी त्याची चुलत बहीण आडवी झाली. फिट सुरू झाली की पहिलं काम घड्याळ बघायचं. आसपासचं पाट, भांडं, काय असेल ते सरकवायचं. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल, गळ्याजवळचं बटण सैल. मुलाला एका कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ बाहेर येते, घशात उतरत नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालायचं नाही. कांदा नाही, चप्पल नाही, हातात किल्ली नाही. यानं फिट थांबत नाही, ती बहुतेक वेळा आपली आपणच थांबते आणि श्रेय कांद्याला मिळतं. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी सुरू झाली, तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला स्प्रे द्यायचा आणि 108 ला फोन करायचा. फिटनंतर मूल गाढ झोपलं तर झोपू द्यायचं, मात्र श्वासाकडे लक्ष ठेवायचं.

आजोबा दोनदा चुकले, आणि उजवी कूस की डावी यावरून त्यांनी वादही घातला. कुठलीही कूस चालते म्हटल्यावर त्यांना फार बरं वाटलं. त्यानंतर आलेल्या एका फिटला सून नळावर होती. तिनं धावत येऊन पाहिलं तर सोन्या कुशीवर, आणि सासरे मोठ्यानं सेकंद मोजताहेत. "एक मिनिट चाळीस," त्यांनी सांगितलं. ती मला फोनवर हे सांगताना रडत होती.

पुढचं काम कागदाचं. सोन्याच्या डॉक्टरांकडून एक पान लिहून घेतलं. त्यात मुलाचं वजन, औषधांची नावं, मात्रा आणि वेळा, त्याची फिट कशी दिसते, ती आली तर काय करायचं, डॉक्टरांचा नंबर. त्यासाठी एका फिटचा मोबाइलवर व्हिडिओ काढायला मी सांगितलं होतं, कारण दवाखान्यात फिट क्वचितच येते आणि 'आचके देतो' एवढ्यावरून डॉक्टरांना प्रकार ओळखता येत नाही. ताप, जागरण, चुकलेला डोस, यातलं आदल्या दिवशी काही घडलं होतं का तेही वहीत लिहायचं. सोन्याच्या वहीतून दिसलं, की गावातलं औषध संपल्यावर एक-दोन दिवस खंड पडायचा आणि त्याच आठवड्यात फिटी वाढायच्या. आता पंधरा दिवसांचं औषध जास्तीचं घरात असतं. फिटचं औषध मनानं बंद करायचं नाही, बरं वाटत असलं तरी नाही.

हे पान घेऊन आई पुन्हा सोन्याच्या व्यायामासाठी गेली, या वेळी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात. अशा मुलांची तपासणी आणि थेरपी तिथं होते. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाखालची ही केंद्रं 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत, आणि अजूनही अनेक पालकांना ती माहीतच नसतात. तिथं शिकलेली एक गोष्ट घरात सर्वात उपयोगी पडली. सोन्याला मांडीवर आडवं घेऊन पेज भरवायचे आणि तो दर दोन घासांना ठसकायचा. थेरपिस्टनं त्याला कोपऱ्यात उशांच्या आधारानं बसतं केलं, हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून, पेज जरा घट्ट. ठसका कमी झाला. वारंवार छाती भरायची, तिचं एक कारण हे भरवणंच असावं असं डॉक्टर म्हणाले.

प्रमाणपत्राबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. फिट येतात म्हणून अपंगत्वाचा दाखला मिळेल, असं लोक धरून चालतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात अपस्मार स्वतंत्रपणे नाही. सोन्याचा अर्ज सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक अक्षमता, म्हणजे बहुविकलांगता, म्हणून केला. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज, मग वैद्यकीय मंडळापुढे तपासणी, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. लहान मुलांना दाखला मुदतीचा मिळू शकतो, ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. कार्ड हातात आल्यावर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्याचा अर्ज केला. त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही धरला जातो, पण दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात आजोबाच हेलपाटे घालताहेत.

एके दिवशी सगळे उठून गेल्यावर आईनं विचारलं, "आमच्या माघारी याचं काय?" हा प्रश्न कुठल्याही कार्डानं सुटत नाही आणि मी तो सुटल्यासारखं बोलत नाही. तिला एवढंच सांगितलं, की सोन्या 18 वर्षांचा झाला की त्याचा कायदेशीर पालक नेमून घेण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो, 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता येते. पण आज त्याहून निकडीची गोष्ट तिची स्वतःची झोप आहे. आता आठवड्यातल्या दोन रात्री वडील सोन्याजवळ झोपतात. पहिल्या रात्री ती दुसऱ्या खोलीत जागीच होती. दुसऱ्या आठवड्यात झोपली. शिवाय तिला मी तिच्यासारख्याच दुसऱ्या एका आईचा नंबर दिला, अर्थात तिला विचारून. पुण्यात संवेदना फाउंडेशनसारखा अपस्मारासाठीचा आधारगट आहे. जिथं तसं काही नाही, तिथं दोन आया मिळूनही सुरुवात होते. त्या दोघी आता माझ्याशी बोलत नाहीत इतकं एकमेकींशी बोलतात.

सोन्याच्या फिटी थांबलेल्या नाहीत, कमी झाल्या आहेत. आई शुक्रवारी दुपारी बचत गटाच्या बैठकीला जाते. सध्या घरात वाद आहे तो शाळेचा. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याचं नाव आहे, विशेष शिक्षक घरी येऊन जातात. डॉक्टरांचं ते पान वाचून शाळेतल्या बाईंनी स्वतःच सुचवलं, की रोज दोन तास त्याला वर्गात आणून बसवा. आजोबा म्हणतात, पाठवू, मी थांबतो बाहेर. आई म्हणते, पावसाळा जाऊ दे, सर्दीतापानं फिटी वाढतात. तिची भीती खोटी नाही. तरी मी आजोबांच्या बाजूची आहे, आणि पुढच्या भेटीत तिला तसं स्पष्ट सांगणार आहे.