सहलीचे 4,800 रुपये आणि फायनान्सचं 40 हजारांचं कर्ज

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. मुलगी अनुदानित शाळेत नववीत, मुलगा सातवीत. पती गवंड्याच्या हाताखाली बिगारी, महिन्याला साधारण 11,000 मिळतात. ताई सध्या कापूस वेचणीला जातात, दिवसाला 30 ते 35 किलो, किलोला 10 रुपये. मुलीच्या शाळेची जानेवारीत रायगड आणि कोकणची चार दिवसांची सहल आहे, माणशी 4,800 रुपये, 10 डिसेंबरच्या आत भरायचे. गावात येणारा फायनान्सचा माणूस 40,000 रुपये लगेच द्यायला तयार आहे. नाहीतर गळ्यातली पोत गहाण ठेवावी, असं त्यांच्या मनात आहे. "पोरगी काही बोलत नाही, पण मैत्रिणी जाताहेत म्हणून गप्प गप्प असते. काय करू?"

ताई, मुलीला पाठवावं असं माझंही मत आहे, पण फायनान्सच्या पैशाने नव्हे. गरज 4,800 ची आहे आणि तो माणूस 40,000 देतो आहे, कारण एवढं लहान कर्ज त्याला परवडत नाही. 24 टक्के व्याजाने दोन वर्षांसाठी 40,000 घेतले तर महिन्याला सुमारे 2,115 रुपयांचा हप्ता बसतो. एकूण फेड होते साधारण 50,750. म्हणजे 4,800 च्या सहलीसाठी दहा हजारांवर नुसतं व्याज, शिवाय प्रोसेसिंग फी आणि विम्याचे पैसे आधीच कापून घेतात ते वेगळेच. उरलेले 35,000 घरात टिकत नाहीत. कुणाचं देणं, मोबाईल, घराचा पत्रा, असं करत महिन्याभरात संपतात. वेचणी जानेवारीत आटोपली की तुमची मजुरी निम्म्यावर येते, हप्ता मात्र तेवढाच राहतो. फायनान्सवाले बायकांचा गट करून कर्ज देतात; त्या गटातल्या दुसऱ्या बाईचा हप्ता थकला की सगळ्यांना बसवून ठेवतात, हेही तुम्ही पाहिलं असेल.

पोत गहाण ठेवायचीच वेळ आली तर बँकेत ठेवा, सराफाकडे किंवा सावकाराकडे नको. शेकडा पाचने 4,800 घेतले तर महिन्याला 240 रुपये नुसतं व्याज जातं आणि मुद्दल जागचं हलत नाही. पण मला वाटतं, तुमच्यावर ती वेळ येणार नाही.

कर्जाचा विचार करण्याआधी शाळेत जा. तुमच्याकडे आलेल्या चिठ्ठीत एकच आकडा आहे. मुख्याध्यापकांना त्यातली फोड विचारा: गाडीचे किती, मुक्कामाचे किती, जेवणाचे किती, प्रवेश तिकिटांचे किती. वाद घालायला नव्हे, गाडी कोणती ठरली आहे ते कळायला. शालेय सहलीसाठी करारावर घेतलेल्या एसटीला महामंडळ भाड्यात 50 टक्के सवलत देतं. खासगी आरामबस ठरवली की ती सवलत गेली. गाडी ठरायची असेल तर पालक-शिक्षक संघाच्या सभासदाकरवी हा मुद्दा आत्ताच मांडा. नोव्हेंबरात आगारात गाड्या मिळतात, डिसेंबर उजाडला की सगळ्या शाळांची एकच गर्दी होते आणि मग नाइलाजाने खासगी गाडी घ्यावी लागते. जळगाव किंवा भुसावळहून निम्मा प्रवास रेल्वेने करायचा असेल तर शैक्षणिक सहलीला रेल्वेच्या दुसऱ्या वर्गात आणि स्लीपरला 50 टक्के सवलत असते, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना 75 टक्के. त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन स्टेशनवर जावं लागतं.

आता एक अडचण शाळेच्या बाजूचीही समजून घ्या. गाडीचं भाडं ठरलेलं असतं, मुलं 44 असोत की 34. दहा जणांनी ऐनवेळी माघार घेतली तर त्यांचा भार बाकीच्यांवर पडतो, म्हणून शिक्षक पैसे आधी मागतात आणि परत करायला नाखूश असतात. तेव्हा सवलत हवी असेल तर ती आत्ता मागायची, 9 डिसेंबरला नाही. अर्ज तोंडी नको. साध्या कागदावर चार ओळी पुरतात: "माझी मुलगी इयत्ता नववीत आहे. आमचं घर मजुरीवर चालतं, उत्पन्नाचा दाखला सोबत जोडला आहे. तिला सहलीला पाठवायची इच्छा आहे. शुल्कात शक्य ती सवलत आणि उरलेली रक्कम तीन हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळावी ही विनंती." खाली सही, तारीख, आणि शाळेच्या शिक्क्यासह एक प्रत आपल्याकडे.

उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो. सेतूतून अर्ज केल्यावर दोन आठवडे धरून चाला, म्हणून याच आठवड्यात जा. रेशनकार्ड, आधार आणि तलाठ्याचा अहवाल सोबत ठेवा. हाच दाखला पुढे शिष्यवृत्तीलाही चालतो, त्यामुळे तो हेलपाटा वाया जात नाही.

बऱ्याच शाळांत माजी विद्यार्थी, गावातले दुकानदार किंवा शिक्षक मिळून दोन-चार मुलांचा खर्च उचलतात. पण मदत कुणाला हवी हे त्यांना कळावं लागतं आणि अर्ज न करणारं मूल कुणाच्या यादीत येत नाही. लाज वाटू देऊ नका. वर्गात नाव न घेता हा विषय मिटवा, असं मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगा. मुलीच्या मनाला ते महत्त्वाचं असतं.

शाळेने एक रुपयाही सोडला नाही असं धरून हिशेब मांडू. लाडक्या बहिणीचे 1,500 येतात त्यातले 1,000 आधी शाळेत भरा, नाव पक्कं होतं. पुढचे चार आठवडे वेचणीच्या पैशातून दर आठवड्याला 350 वेगळे काढा, म्हणजे 35 किलो कापूस, तुमची एका दिवसाची वेचणी. त्याचे झाले 1,400. राहिले 2,400. ते तुमच्या बचत गटातून अंतर्गत कर्ज म्हणून घ्या. महिना 2 टक्क्यांनी, दरमहा 400 मुद्दल आणि त्यावरचं व्याज असं सहा महिन्यांत फेडलं तर एकूण व्याज होतं 168 रुपये, आणि तेही तुमच्याच गटात राहतं. शाळेने सवलत दिली तर ती रक्कम या 2,400 मधूनच कमी करा, वेचणीतली बचत तशीच चालू ठेवा. शासनाच्या पैशाची तारीख मात्र मागेपुढे होते, म्हणून शाळेला वचन देताना तोच हप्ता गृहीत धरू नका. ई-केवायसी राहिलं असेल तर आधी तेच करा.

गटाकडे 2,400 शिल्लक नसतील आणि शाळाही नाही म्हणाली, तर माझं उत्तर बदलतं. मग यंदा पाठवू नका, आणि मुलीला हे डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात, नीट बसवून सांगा. शेवटच्या दिवशी कळण्याचं दुःख मोठं असतं. सहल ऐच्छिक असते, न गेल्याने तिच्या गुणांवर काही परिणाम होत नाही.

आता पुढच्या वर्षाचं, आणि इथे खरा पैसा आहे. तुमच्या पत्रात एक ओळ ओझरती आली आहे: पतींचं बांधकाम कामगाराचं कार्ड दोन वर्षांपूर्वी काढलं होतं. ते चालू आहे का, आधी बघा. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं आणि गेल्या वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, ग्रामसेवक किंवा ठेकेदाराकडून. कार्ड जिवंत असेल तर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडून पहिल्या दोन मुलांसाठी शैक्षणिक मदत मिळते: पहिली ते सातवीला वर्षाला 2,500, आठवी ते दहावीला 5,000, हजेरी किमान 75 टक्के हवी. तुमच्या दोघांचे मिळून 7,500 होतात. बहुतेक घरं ही मदत घालवतात ती एकाच कारणाने: कार्ड संपलेलं असतं आणि कुणाला पत्ता नसतो. दुसरं कारण बँक खातं आधारशी जोडलेलं नसणं. दलालाला पैसे देऊ नका, नोंदणीची फी नाममात्र आहे. आणि हे पैसे जानेवारीच्या सहलीआधी येतील असं धरू नका.

तुम्ही आदिवासी असाल तर यावलच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीत येता. आदिवासी मुलांसाठीच्या सुवर्ण महोत्सवी शिष्यवृत्तीत पाचवी ते सातवीला वर्षाला 1,500 आहेत, मुलाच्या शाळेत अर्ज गेला का ते विचारा. तो पुढच्या वर्षी आठवीत जाईल तेव्हा एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा, सातवीत 55 टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना 50 टक्के. उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 मिळतात. ही परीक्षा सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे, आणि गावाकडची किती मुलं नुसतं माहीत नाही म्हणून बसत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

पालक सभेत आणखी एक गोष्ट मांडा. पुढच्या वेळी एक तरी सहल एका दिवसाची असू द्या. पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या घराण्याचा उल्लेख असलेला शिलालेख आहे. अजिंठ्याला 15 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत असतो, फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. मुक्काम नाही म्हटल्यावर खर्च एकदम खाली येतो आणि वर्गातलं कुणी मागे राहत नाही.

4,800 च्या पलीकडचा खर्चही आत्ताच ठरवा. नवा ड्रेस, बूट, बॅग असं म्हणता म्हणता हजार जातात. बॅग मागून घ्या, बूट शाळेचेच चालतील. दोन दिवस टिकतील अशा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी द्या, हातखर्चाला 300, त्यातले 100 वेगळ्या कप्प्यात. पैसे भरताना प्रत्येक वेळी पावती घ्या आणि उरलेल्या हप्त्याची तारीख शिक्षकांकडून त्या पावतीवरच लिहून घ्या.