पक्षांचा पाठिंबा आधी, की लोकांचा आवाज?
(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : मी सक्करदऱ्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या नातवाने वक्तृत्व स्पर्धेसाठी नेट न्यूट्रॅलिटी हा विषय घेतला आहे. २०१५ साली बहुतेक पक्षांनी पाठिंबा दिला म्हणून नियम झाला, असे तो म्हणतो. मला आठवते ते वेगळे : आधी तरुण मुलांनी आवाज उठवला आणि पुढारी नंतर बोलू लागले. यातले खरे काय? आणि कोणताच पक्ष उघड विरोध करत नसेल, तर पाठिंब्याची पारख करायची कशी?

उत्तर : आपली आठवण बरोबर आहे, आणि नातवाला ती तारखांसह मांडता येईल. दूरसंचार कंपनीने आपल्या जाळ्यातून जाणाऱ्या मजकुरात आपपरभाव करू नये, एका संकेतस्थळाला जो वेग आणि जो दर, तोच दुसऱ्यालाही असावा, एवढाच या तत्त्वाचा अर्थ आहे. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे पैसे आकारण्याचे जाहीर केले आणि ग्राहक संतापल्यावर काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला. २७ मार्च २०१५ रोजी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ११८ पानांचे सल्लामसलतपत्र काढले आणि वीस प्रश्नांवर मते मागवली. ६ एप्रिलला ‘एअरटेल झीरो’ आले. त्यात संकेतस्थळाने कंपनीला पैसे द्यायचे आणि ग्राहकाला ते फुकट दिसायचे. लोकांचा रोष पाहून फ्लिपकार्टने १४ एप्रिलला त्यातून अंग काढून घेतले. तयार मजकुराचे ई-मेल पाठवण्याची मोहीम उभी राहिली आणि २४ एप्रिलच्या मुदतीपर्यंत ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले.

आता पक्षांकडे पाहू. बिजू जनता दलाचे खासदार तथागत सत्पथी आणि तेव्हा अपक्ष असलेले राज्यसभा खासदार राजीव चंद्रशेखर यांनी याच काळात नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूने भूमिका घेतली. आम आदमी पक्षाच्या अरविंद केजरीवाल यांनी मोहिमेला जाहीर पाठिंबा दिला. राहुल गांधी यांनी २२ एप्रिलला, म्हणजे मुदत संपायला दोन दिवस उरले असताना, लोकसभेत हा विषय काढून कायद्याची मागणी केली, आणि दूरसंचार मंत्री रविशंकर प्रसाद यांनी सरकारही भेदभावरहित इंटरनेटच्याच बाजूचे असल्याचे उत्तर दिले. तोवर लाखो ई-मेल जाऊन पडले होते. लोकांचे ऐकून पुढारी बोलले, यात मला काही वावगे वाटत नाही. लोकशाहीत ते ऐकणे हेच त्यांचे काम आहे. परंतु मे २०१४ पर्यंत दहा वर्षे काँग्रेसच्या नेतृत्वाखालील आघाडीचे सरकार होते आणि त्या काळात असा नियम झाला नाही, हेही नातवाने सांगितले पाहिजे. तसेच, सरकारचा पाठिंबा लोकसभेत जाहीर झाल्यापासून तो दूरसंचार कंपन्यांच्या परवान्याच्या अटींमध्ये उतरेपर्यंत २०१८ साल उजाडले, हेसुद्धा सांगितले पाहिजे.

म्हणून पाठिंब्याची पारख भाषणावरून न करता कागदावरून करावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आजचा कागद काय सांगतो? ट्रायचे ८ फेब्रुवारी २०१६ चे विनियम आहेत. मजकूर पाहून डेटाचा दर कमी-जास्त करण्यास त्यांनी बंदी घातली आणि मोडणाऱ्या कंपनीला दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख रुपये, दंड ठेवला. वेगातील भेदभावाला मनाई करणाऱ्या अटी २०१८ मध्ये परवान्यांत आल्या. संसदेने मात्र या तत्त्वासाठी स्वतंत्र कायदा केलेला नाही. विनियम बदलता येतात, परवान्याच्या अटीही बदलता येतात, आणि त्यासाठी सभागृहात मतदान घ्यावे लागत नाही. ही ढिलाई मला सर्वांत जास्त खटकते.

अमेरिकेत याची दुसरी बाजू दिसते. तिथे हा विषय उघडपणे पक्षांमध्ये वाटला गेला. २०१५ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामक आयोगात डेमोक्रॅट सदस्यांच्या बहुमताने तीन विरुद्ध दोन मतांनी नियम झाला, डिसेंबर २०१७ मध्ये रिपब्लिकन बहुमताने तितक्याच मतांनी तो रद्द केला, एप्रिल २०२४ मध्ये तो परत आणला गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो पुन्हा मोडीत काढला. आपल्याकडे अशी ओढाताण झाली नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. पण जुलै २०२३ मध्ये ट्रायने नव्या सल्लामसलतीत मोठ्या ॲपवाल्यांकडून दूरसंचार कंपन्यांनी मोबदला घेण्याचा प्रश्न पुन्हा पुढे आणला, तेव्हा २०१५ सारखी लाट उठली नाही. लोक गप्प असताना जो पक्ष बोलेल, त्याच्या पाठिंब्याला मी अधिक मोल देईन.

प्रश्न : तयार मजकुराच्या ई-मेलवर नुसते बटण दाबून दहा लाख लोक जमतात. अशा गर्दीने देशाचे धोरण ठरावे का? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : ठरू नये, आणि ट्रायनेही ते तसे ठरू दिले नाही. डिसेंबर २०१५ मध्ये दरांतील भेदभावाबद्दल दुसरी सल्लामसलत झाली, तेव्हा फेसबुकने निवडक संकेतस्थळे फुकट दाखवणाऱ्या आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेसाठी वापरकर्त्यांकडून बटण दाबून संदेश पाठवून घेतले. सुमारे २४ लाख प्रतिक्रिया आल्या आणि त्यांतील १९ लाखांच्या आसपास फ्री बेसिक्सच्या बाजूच्या होत्या. डोकी मोजायची असती, तर निकाल तिकडेच गेला असता. ट्रायने मात्र म्हटले, की आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे या संदेशांत नाहीत, आणि निर्णय उलट दिला. ज्यांनी एप्रिलमधल्या दहा लाखांचा अभिमान बाळगला, त्यांनी हेही मोकळ्या मनाने मान्य करायला हवे, की संख्या हा आपल्याही बाजूचा पुरावा नव्हता.

मग त्या ई-मेलना अर्थ कशाने आला? २०१५ च्या एप्रिलमधली एक दुपार मला अजून डोळ्यांसमोर दिसते. सीताबर्डीजवळच्या एका अभ्यासिकेत मी कुणाला तरी भेटायला गेलो होतो. बाहेर ऊन मी म्हणत होते, आत कूलर घरघरत होता आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा ट्रायचे ते पत्र मोबाइलवर वाचत बसला होता. अडलेले शब्द तो वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेई. मोहिमेचा तयार मजकूर त्याच्याकडे होता, पण त्याने तो जसाच्या तसा पाठवला नाही; वर स्वतःचे चार ओळींचे टिपण जोडले. महालात राहणारी त्याची मावशी उन्हाळ्यात कुरडया, सरगुंडे आणि मूगवड्या करून स्वतःच्या लहानशा संकेतस्थळावरून विकत असे. त्याने लिहिले होते, की ग्राहकाच्या मोबाइलवर दोन मोठी दुकाने फुकट उघडत असतील, तर मावशीचे पान पाहण्यासाठी तो आपला डेटा का खर्च करील, आणि मावशीने कंपनीला द्यायला पैसे आणायचे कुठून? त्याने मला ते वाचून दाखवले आणि ‘बरोबर आहे ना, काका?’ असे विचारले.

मला तेव्हा त्यात एक अक्षरही बदलावेसे वाटले नाही. त्या चार ओळींमध्ये नियामकाला हवा असलेला मुद्दा होता : झळ कुणाला बसते आणि कशी. असे टिपण जोडून पाठवलेले ई-मेल संख्येने थोडे असले, तरी माझ्या लेखी त्यांचेच वजन अधिक आहे. ट्रायने नंतर दहा लाखांहून अधिक लोकांचे ई-मेल पत्ते आपल्या संकेतस्थळावर उघडे टाकले. मत मांडणाऱ्या नागरिकाशी असे वागणे चूकच होते, आणि त्यावर लोक रागावले ते योग्यच झाले.

प्रश्न : गरिबाला थोडे का होईना, फुकट इंटरनेट मिळत होते. ते बंद करून काय साधले? (एक वाचक, हिंगणा रस्ता)

उत्तर : फुकट इंटरनेट देण्यावर बंदी नाही. बंदी आहे ती कोणती पाने फुकट दिसावीत हे कंपनीने ठरवण्यावर. फ्री बेसिक्सचे मूळ रूप असलेले ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकांसाठी ज्या राज्यांत सुरू झाले, त्यांत महाराष्ट्रही होता. त्यात निवडक संकेतस्थळेच उघडत. शेतकऱ्याला कळमन्याच्या बाजारातले संत्र्याचे भाव हवे असतील आणि ते पान त्या यादीत नसेल, तर त्याला मिळालेले फुकट इंटरनेट त्याच्या कामाचे नव्हते. कंपनीने ग्राहकाला काही डेटा मोफत द्यावा आणि तो कुठे वापरायचा हे ग्राहकावर सोडावे, याला नियमाची आडकाठी नाही. ट्रायनेच डिसेंबर २०१६ मध्ये ग्रामीण ग्राहकांना दरमहा १०० एमबी डेटा मोफत देण्याची शिफारस सरकारकडे केली होती, आणि त्या डेटावर कोणते पान उघडायचे ते ग्राहकानेच ठरवायचे होते.