खुराड्याला कुलूप, मालक पुण्यात

प्रश्न : मखमलाबाद शिवारात एका शेतकरी काकांनी आपल्या रानातल्या अर्ध्या एकराचे तुकडे पाडून आम्हा बारा कुटुंबांना भाजीपाल्यासाठी गुंठा-गुंठा जागा दिली आहे. करार ११ महिन्यांचा, विहिरीचं पाणी सामाईक. शेजारच्या वाफ्यातल्या गृहस्थांनी दिवाळीनंतर तिथे जाळीचं खुराडं बांधलं आणि नऊ कोंबड्या, एक कोंबडा आणला. फेब्रुवारीत त्यांची पुण्याला बदली झाली. आता ते दहा-बारा दिवसांनी येतात, खाद्य ओततात, कुलूप लावतात आणि जातात. पाण्याचं भांडं दुसऱ्या दिवशी कोरडं पडतं. दोन कोंबड्या मेल्या, त्यातली एक दोन दिवस आतच पडून होती. उरलेल्यांची पिसं झडली आहेत. मी जाळीतून पाणी घालते, पण रोज जाणं होत नाही. कोणी म्हणतं कुलूप तोडून घरी न्या, कोणी म्हणतं सोडून द्या. एकाने तर 'औषध घालून मोकळे होऊ' असं सुचवलं. पोलिसांत गेलं तर आपलंच हसं होईल असं वाटतं. काय करू? – एक वाचक, नाशिक

ताई, सगळ्यात आधी औषधाची भाषा करणाऱ्याला आवरा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे दुसऱ्याचं जनावर विष घालून मारलं तर ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंड संहितेत जनावराच्या किमतीवरून दोन वेगळी कलमं होती. १ जुलै २०२४ पासून तो भेद गेला, त्यामुळे 'दोनशे रुपयांच्या कोंबडीचं काय एवढं' हा युक्तिवाद चालणार नाही.

आता मालकाला काय शिक्षा होऊ शकते ते ऐका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून कुठलाही सजीव 'प्राणी' ठरतो, म्हणजे कोंबडी त्यात आलीच. कलम ३ ने मालकावर तिच्या देखभालीची जबाबदारी टाकली आहे. पुरेसं खाद्य, पाणी किंवा निवारा न देणं हा कलम ११(१)(एच) खाली गुन्हा आहे, आणि उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून जाणं हा त्याच कलमाच्या (आय) खाली. गंमत बघा, कोंबडी कापून खाणं गुन्हा नाही, तिला कोंडून उपाशी ठेवणं गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? किमान १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा तेच केलं तर २५ ते १०० रुपये, किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एका गावरान अंड्याच्या भावात सुटका!

म्हणून मी तुम्हाला 'केस ठोका' असं सांगणार नाही. तुम्हाला त्यांना शिक्षा व्हायला हवी आहे की कोंबड्यांना पाणी मिळायला? पत्रावरून तरी मला दुसरंच दिसतं. तसं असेल तर सगळा जोर एका कागदावर लावा. 'या कोंबड्यांवरचा माझा हक्क मी आजपासून सोडत आहे' अशा चार ओळी आणि खाली त्या गृहस्थांची सही.

ती सही मिळेपर्यंत कुलपाला हात लावू नका. तोडलंत तर नुकसान केल्याची तक्रार तुमच्यावर येईल. कोंबड्या घरी नेल्यात तर त्यांच्या तोंडी पहिला शब्द चोरी हाच असेल. चोरी सिद्ध व्हायला लबाडीचा हेतू लागतो आणि तो तुमच्याकडे नाही, हे मला मान्य आहे. पण ते कोर्टात सांगायचं म्हणजे सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टाच्या आवारात वर्षभर चकरा आल्या. शिवाय कायद्यात चोरीची जी उदाहरणं दिली आहेत, त्यातलं एक दुसऱ्याचा कुत्रा आमिष दाखवून नेण्याचं आहे, तेव्हा जिवंत प्राणी हाही चोरीचा माल ठरतो. अंड्यांनाही हेच लागू. पाणी तुम्ही घालत असलात तरी अंडी मालकाची. आजवर दोन-चार घरी नेली असतील तर आता थांबवा आणि पुढच्या निरोपात तसं प्रामाणिकपणे लिहून टाका.

सोडून देण्याचा सल्ला तर त्याहून वाईट. अशक्त कोंबड्या रानात रात्रभरही टिकायच्या नाहीत. मुंगूस आहे, भटकी कुत्री आहेत, आणि नाशिकच्या आसपासच्या मळ्यांत बिबट्याचा वावर काही नवा नाही. त्याला वाफ्यापर्यंत यायचं आमंत्रण कशाला द्यायचं?

जाळीतून पाणी आणि दाणे घालणं मात्र खुशाल चालू ठेवा. त्यासाठी शेजारच्या वाफ्यात पाऊल पडलं तरी तो फौजदारी अतिक्रमणाचा गुन्हा होत नाही. त्यासाठी गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. बाराजणांत पाळ्या लावा. अंड्यावरची कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते आणि पाणी साधारण त्याच्या दुप्पट पिते, एप्रिलच्या उन्हात आणखी जास्त. म्हणजे आठ पक्ष्यांना रोज किलोभर खाद्य आणि निदान दोन-तीन लिटर पाणी. हा हिशेब लिहून ठेवा, तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. दहा-बारा दिवसांसाठी एकदाच भांडंभर पाणी, याला 'पुरेसं' म्हणणारा पशुवैद्य शोधून सापडायचा नाही.

मग त्या गृहस्थांना व्हॉट्सअॅपवर निरोप पाठवा. फोन करू नका, लेखी पाठवा, आणि भाषा मवाळ ठेवा. बदली झालेला माणूस लबाड असतोच असं नाही, बऱ्याचदा तो शरमिंदा असतो आणि कोणीतरी सोपी वाट दाखवावी याची वाट बघत असतो. असं काहीतरी लिहा : 'भाऊ, दोन कोंबड्या गेल्या, बाकीच्या उन्हाने धापा टाकताहेत. तुम्हाला पुण्याहून येणं जमत नाही हे समजतं. येत्या रविवारपर्यंत रोज बघणारा कोणी नेमा, नाहीतर आम्ही चांगलं घर बघतो, तुम्ही फक्त चिठ्ठी द्या. तोवरचा खाद्याचा खर्च मी करते आणि तो तुमच्याकडून घेईन.' शेवटचं वाक्य गाळू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम ७० प्रमाणे दुसऱ्यासाठी फुकट करण्याचा इरादा नसताना केलेल्या आणि त्याने लाभ घेतलेल्या कामाची भरपाई मागता येते. पण 'फुकट नव्हतं' हे आधी सांगितलेलं असलं तर बरं. पावत्या जपा.

निरोपासोबत फोटो पाठवा. कोरडं भांडं, मेलेला पक्षी, खुराड्याची लांबी-रुंदी, सगळं. फोटो ज्या फोनवर काढलेत त्यातून पुसू नका. पुढे कोर्टात लागले तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

त्यांनी दाद दिली नाही तर शेतकरी काकांकडे जा. पोलिसांपेक्षा त्यांच्याच हातात जास्त ताकद आहे. तुमचा करार काढून बघा. तो बहुधा लीव्ह अँड लायसन्स असेल, म्हणजे जागा वापरण्याची परवानगी, कूळवहिवाट नव्हे. जागा 'भाजीपाल्यासाठी' असं त्यात लिहिलं असेल, तर विचारल्याशिवाय बांधलेलं खुराडं हा सरळ करारभंग. काकांनी पंधरा दिवसांत खुराडं हलवा, नाहीतर परवाना रद्द, अशी नोटीस दिली की पुण्याचा माणूस जागा होतो. एवढंच लक्षात ठेवा, परवाना रद्द झाला तरी कोंबड्या त्यांच्याच राहतात. काकांनाही त्या विकता किंवा वाटता येणार नाहीत.

तरीही काही हललं नाही तर पोलीस ठाणं. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, कारण ठाण्यातही त्यांची गल्लत होते. उपाशी ठेवण्याचा गुन्हा अदखलपात्र आहे, त्यामुळे तुमची एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, घेतील आणि मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगतील. ते चूक नाही. पण त्याच कायद्याचं कलम ३४ म्हणते की गुन्हा होत असल्याचं मानायला कारण असेल, तर कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस अधिकारी प्राणी ताब्यात घेऊन मॅजिस्ट्रेटपुढे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीला हजर करू शकतो. तुम्हाला हवं आहे ते हेच. अर्जात कलम ३४ चा उल्लेख ठळक करा, प्रत जिल्ह्याच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्थेला आणि पशुसंवर्धन खात्याला द्या, पोच घ्या. ताब्यात घेतलेले प्राणी खटला चालू असताना २०१७ च्या नियमांप्रमाणे पांजरपोळ किंवा प्राणी कल्याण संस्थेकडे ठेवता येतात. पंचवटीतली पांजरपोळ म्हटलं की आपल्याला गाईगुरंच आठवतात, म्हणून कोंबड्या ठेवून घेणारी संस्था आधी शोधून तिचं संमतीपत्र अर्जाला जोडा. 'ठेवायच्या कुठे?' या प्रश्नावर असे अर्ज हमखास अडतात.

आणि रेंगाळू नका. या कायद्याखाली खटला गुन्हा घडल्यापासून ३ महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो (कलम ३६). उपासमार रोज चालू आहे हे खरं, पण पहिली कोंबडी मेली त्या तारखेपासून तुमचे महिने मोजा.

हसं होण्याची भीती वाटते म्हणालात. बैलगाडा शर्यतींवर बंदी घालणारा सर्वोच्च न्यायालयाचा ७ मे २०१४ चा निकाल आठवतो? शर्यती पुढे कायदा बदलून परत आल्या, पण भूक आणि तहान यांपासून मुक्ती ही प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांतली पहिली, असं त्याच निकालात मांडलेलं आहे. कोणी हसलंच तर तेवढं सांगा.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी, उद्याच करा. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करून पशुवैद्यकाला बोलवा. दोन पक्षी कशाने मेले हे कोणालाच माहीत नाही. तहानेने असेल, मानमोडी या कोंबड्यांच्या साथीच्या रोगानेही असेल. मान पिळवटणं, हिरवट हगवण, एकामागून एक पटापट मरणं असं काही दिसलं तर प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला होता. मेलेला पक्षी कालव्यात किंवा बांधावर टाकू नका, उघड्या हाताने उचलूही नका. पशुवैद्यकाने बघितल्यावर खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. त्याच वेळी त्यांच्याकडून उरलेल्या आठांच्या प्रकृतीचा लेखी शेरा घ्या. वर सांगितलेल्या प्रत्येक अर्जाला तो लागेल.

सही मिळाली तर कोंबड्या गावाकडे अंगण असलेल्या कोणाकडे द्या. कोंबडा मात्र हौसेने फ्लॅटच्या गॅलरीत आणू नका. पहाटे चारला तो आरवायला लागला की पुढचं पत्र मला तुमचे शेजारी पाठवतील.