काच उलटी करून बघ

प्रिय मुली,

हंड्या-झुंबरं जमवायची आहेत, चोर बाजारात कुठल्या दुकानात जाऊ, असं तू विचारलंस. दुकानाचं नाव मुद्दामच सांगत नाही. मटन स्ट्रीटवर खुशाल हिंड, पण झुंबराच्या नादी एवढ्यात लागू नकोस. लोलक सुटे असतात. जुन्या सांगाड्याला नवे लोलक लावले तर नवख्याला कळत नाही. शिवाय ‘बेल्जियन’ हे नाव तिथे वाटेल त्या रंगीत काचेला चिकटवतात.

हातात मावतील अशा वस्तूंपासून सुरुवात कर. पेले, बशा, अत्तराच्या कुप्या. वस्तू उचललीस की आधी उलटी कर. हाताने घडवलेल्या काचेच्या बुडाशी बरेचदा खूण असते, घडवताना धरायला लावलेला लोखंडी दांडा तोडून वेगळा केल्याची. खरखरीत, नाहीतर घासून गुळगुळीत केलेली वाटोळी खळी. एवढ्यावरून वय मात्र ठरत नाही, कारण अशी काच आजही घडवतात. वयासाठी बुडाची कड बघ. वर्षानुवर्षं ठेव-उचल झालेल्या भांड्यावर बारीक ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले असतात, आणि फक्त जिथे ते टेकतं तिथेच. सगळे ओरखडे एकाच दिशेचे दिसले तर कुणीतरी पॉलिश पेपर फिरवला आहे असं समज.

मग नक्षीवर बोट फिरव. चाकावर कापलेल्या नक्षीच्या कडा बोटाला धारदार लागतात. साच्यात दाबलेल्या काचेच्या बोथट, आणि बहुतेकदा साच्याच्या जोडाची रेघही सापडते. साच्याची काच सुंदर असू शकते, जरूर घे, पण कापकामाचा भाव देऊ नकोस. यूव्ही टॉर्चखाली हिरवीगार चमकली तर ती बहुधा युरेनियम मिसळलेली काच. आतून धुरकट दिसणारी सुरई घेताना जपून. क्षारांचा थर असेल तर व्हिनेगरने निघतो. काचच झिजली असेल तर काही केल्या जात नाही. विकणारा ‘धुतलं की निघेल’ म्हणाला, तर त्यालाच धुऊन दाखवायला सांग.

गोटी सोड्याच्या बाटल्यांबद्दलही विचारलंयस. हायरम कॉड या इंग्रजाने त्या रचनेचं पेटंट 1872 साली घेतलं, पण आपल्याकडे ती पुढेही वापरात राहिली. म्हणून नुसती गोटी दिसली की बाटली जुनी असं धरू नकोस.

आता माझ्या मनातलं. परदेशी काच जपणारे पुष्कळ आहेत, आपल्या मातीतली काच जपणारे फार थोडे. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना 1908 साली लोकांनी पैसा-पैसा देऊन उभा केला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत 1916 साली ओगले बंधूंनी कारखाना काढला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत लागला. एवढं मोठं काम, आणि त्यांची काच आज भंगारात जाते, याचं मला फार वाईट वाटतं. तू हीच जमव. गावाकडे माळे साफ होतात तेव्हा आधी पोच. मिळालेली वस्तू कुणाच्या घरची, कधी आणि कशासाठी घेतलेली, हे तिथेच विचारून वहीत लिही. काचेवर चिठ्ठी चिकटवू नकोस, दोऱ्याने बांध.

तुझा,
काका