वाचक विचारतात: डुलणारी व्हूडू आणि तिचं हायड्रॉलिक्स

गेल्या अंकात 'ग्रँड थेफ्ट ऑटो' (जीटीए) या व्हिडिओ गेम मालिकेतल्या व्हूडू या लोरायडर, म्हणजे जमिनीलगत बसवलेल्या हौशी गाडीवर टिपण छापलं होतं. हायड्रॉलिक्समुळे, म्हणजे तेलाच्या दाबाने, बटण दाबलं की पुढची चाकं उचलणारी, एका अंगावर कलणारी ती गाडी. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

"सॅन अँड्रियासमध्ये लोरायडरच्या नाचाची स्पर्धा हाय. लॅपटॉपवर सगळ्या कळा दाबलालो, गाडी ढिम्म हलत नाही. काय चुकतंय?" (खानापूर)

चूक तुमची नाही, लॅपटॉपची आहे. संगणकावर सॅन अँड्रियास हा मालिकेतला खेळ हायड्रॉलिक्ससाठी उजवीकडचं आकड्यांचं पॅड धरून चालतो आणि लहान लॅपटॉपला ते पॅडच नसतं. सेटिंगमध्ये कळा बदलण्याची यादी उघडा, वाहनांच्या कळांमध्ये 'स्पेशल कंट्रोल' नावाच्या चार ओळी दिसतील: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. त्यांना आय, के, जे, एल अशा चौकोनात बसणाऱ्या कळा द्या. त्याआधी त्या कळांना दुसरं काम दिलेलं नाही ना, हे त्याच यादीत बघून घ्या. पॅड असलेला कीबोर्ड जोडला असेल तर नम लॉक चालू आहे का ते पाहा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

स्पर्धेत बाण वर्तुळात शिरला की कळ टचकन दाबून सोडायची. घाईने आधीच दाबून धरली की ताल गेलाच. प्लेस्टेशन २ वर हेच काम उजव्या काडीने होतं. आणखी एक, २००५ च्या मूळ संगणक आवृत्तीत फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती चित्रं दिसावीत यावरची मर्यादा) बंद करू नका. चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून पुष्कळ जण तो बंद करतात, पण गाडीच्या हालचालीचं गणित ठरावीक फ्रेमवर बेतलेलं असल्यामुळे सगळं बिनसतं.

"व्हूडू घेऊन लोको लो कंपनीच्या गॅरेजला गेलो, तर आत घेईनातच की हो. लोरायडर म्हणता आणि लोरायडरच्या गॅरेजात जागा नाही?" (निपाणी)

प्रश्न रास्त आहे. विलोफील्डमधलं ते गॅरेज सव्हाना, ब्लेड, ब्रॉडवे, रेमिंग्टन, स्लॅमव्हॅन आणि टोर्नेडो या सहाच गाड्या घेतं. व्हूडू त्या यादीत नाही. तिला खेळातल्या लॉस सँटोस शहराच्या टेम्पल भागातल्या ट्रान्सफेंडर या दुसऱ्या गॅरेजकडे न्या, तिथे हायड्रॉलिक्स बसतं. स्पर्धाच जिंकायची असेल तर मात्र आमचा कौल सव्हानाला. रंगकामापासून बंपरपर्यंत जास्त पर्याय तिलाच मिळतात. हायड्रॉलिक्स बसलं की हॉर्नच्या कळेने गाडी उंच आणि ठेंगणी होते. वळणावर ती उंच ठेवून हाणू नका. वजन वर गेलेलं असतं, मग उसाने गच्च भरलेल्या ट्रॉलीसारखी आडवी व्हायला वेळ लागत नाही.

व्हूडू पहिल्यांदा आली ती २००२ च्या व्हाइस सिटी या खेळात, हैतीयन टोळीची गाडी म्हणून. तिथेही हायड्रॉलिक्स हॉर्नच्याच कळेवर होतं. बांधणीवर छाप १९६० च्या शेव्हरोले इम्पालाची.

"मुळात गाडी वरखाली करायचं खूळ कुठून आलं?" (चिकोडी)

कायद्यातून. कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९५८ पासून नियम लागू झाला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली लोंबता कामा नये. गाड्या जमिनीला टेकवून हिंडणाऱ्या मेक्सिकन-अमेरिकन पोरांच्या मुळावरच तो आला. १९५९ मध्ये रॉन अगिरे यांनी आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक्स बसवलं. पोलीस दिसला की गाडी वर, तो गेला की खाली! सुरुवातीचे पंप आणि सिलिंडर विमानांच्या भंगारातून यायचे. नाच, उड्या, स्पर्धा हे सगळं नंतरचं. तो नियम काढायला २०२३ साल उजाडावं लागलं.

"मी उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या कामावर आहे. आमचा पॉवरपॅक थ्री-फेजवर चालतो. हे लोक बॅटरीवर गाडी उडवतात कशी? हिशेब सांगाल का?" (बेळगाव)

असा प्रश्न बेळगावातूनच यायचा. हिशेब घ्या.

पुढच्या एका चाकावर ५०० किलो भार धरू. रॅमचा (सिलिंडरमधल्या दट्ट्याचा) व्यास २५ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ४.९ चौरस सेंटिमीटर. नुसता भार पेलायलाच जवळपास १०० बार दाब लागला. स्ट्रोक (दट्ट्याची चाल) १० इंच, म्हणजे २५.४ सेंटिमीटर, म्हणून एका उचलीला तेल सुमारे १२५ घनसेंटिमीटर. आता मेख इथे आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली हायड्रॉलिकने उचलून रिकामी करायला अर्धं मिनिट लागलं तरी कुणाचं बिघडत नाही, पण उडी मारायची तर हेच तेल पाव सेकंदात ढकलावं लागतं. म्हणजे मिनिटाला ३० लिटर. १०० बार आणि ३० लिटर, भागिले ६००: पाच किलोवॉट. पंप आणि मोटर मिळून ७५ टक्के कार्यक्षमता धरली तर बॅटरीतून ओढ होते ६.७ किलोवॉटची. हे सगळं एका चाकाचं.

१२ व्होल्टवर हा करंट साडेपाचशे अँपिअरच्या वर जातो. वायर तापते, व्होल्टेज बसतं, मोटर गुरगुरते आणि गाडी उडण्याऐवजी नुसती फुगते. सहा बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून ७२ व्होल्ट केले की तेच काम ९३ अँपिअरमध्ये भागतं. म्हणून त्यांच्या डिक्क्या बॅटऱ्यांनी भरलेल्या असतात. शिवाय मोटर सलग चालत नाही, काही क्षणांचे झटके असतात, त्यामुळे तुमच्या पॉवरपॅकसारखी कायम तापण्याची काळजी कमी.

सर्किट तुम्हाला ओळखीचंच वाटेल: टाकी, गिअर पंप, तेल एकाच दिशेने सोडणारा चेक व्हॉल्व्ह, सिलिंडर, आणि परतीच्या वाटेवर सोलेनॉइडने (विजेच्या चुंबकाने) उघडणारा डंप व्हॉल्व्ह. डंप उघडला की गाडी आपल्याच वजनाने खाली येते. तुमच्याकडे सिलिंडर हळू उतरावा म्हणून धडपड असते, इथे तो धाडकन उतरायला हवा, म्हणून परतीची वाट मोठी ठेवतात.

बिघडतं कुठे? सगळ्यात घातक म्हणजे मोटर चालू-बंद करणारा सोलेनॉइड चिकटणं. संपर्काचे ठोकळे ठिणगीने वितळून एकमेकांना डकतात, मग स्विच सोडला तरी पंप थांबत नाही. सिलिंडर शेवटाला टेकलेला, दाब चढतोय, नळी फुटते किंवा वायर पेटते. यासाठी बॅटरीच्या निगेटिव्ह तारेत हाताने झटकन तोडता येईल असा डिस्कनेक्ट लागतोच. दुसरं, चार्जिंगवेळी बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो, बंद डिकीत ठिणगी पडली की भडका. झाकण उघडं ठेवूनच चार्ज करतात. तिसरं, चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा. १९५८ ते १९६४ च्या इम्पालाची चासी एक्स आकाराची, बाजूला मजबूत पट्ट्या नसलेली. आदळून आदळून तिला चिरा जातात, म्हणून उड्या मारण्याआधी पोलादी पट्ट्या वेल्ड कराव्या लागतात.

तेल दबत नाही म्हणून गाडी बैलगाडीसारखी हादरते. त्यावर ॲक्युम्युलेटर, म्हणजे झटका शोषणारी वायूची टाकी बसवतात, नायट्रोजन भरून. तिथे ऑक्सिजन किंवा साधी हवा भरण्याचं धाडस कुणी करू नये. दाबाखाली तेलाची वाफ पेट घेते. आणि गंमत अशी, की ॲक्युम्युलेटर मोठा केला तर बसायला सुख, पण उडी मेली, कारण दाब वायूतच मुरतो.

"माझ्या जुन्या ओम्नीला असं काही बसवता येईल काय? गाडी केए-२२ ची आहे." (शहापूर, बेळगाव)

नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करतं. कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ओम्नीची हौस व्हूडूवर भागवा.

"आठवीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अशी चालती प्रतिकृती करायची आहे. मुलांना जमेल असं सांगा." (शिक्षिका, अथणी)

बाई, औषधाच्या दुकानातून सुया नसलेल्या नव्या सिरिंज आणा: १० मिलीच्या चार, २० मिलीच्या चार. शिवाय सलाईनची नळी, प्रत्येक जोडीला ६० सेंटिमीटर. १० मिलीच्या सिरिंज पुठ्ठ्याच्या गाडीत चाकांवर उभ्या बसवा, २० मिलीच्या हाताशी फळीवर. मोठ्या सिरिंजचा दट्ट्या निम्माच दाबला तरी १० मिली पाणी जातं आणि लहान सिरिंज पूर्ण उचलते. बदल्यात हाताला जोर जास्त लागतो. किती, ते मुलांनाच काढू द्या: व्हर्नियरने दोन्ही सिरिंजचे आतले व्यास मोजायचे, वर्ग करायचे, भागायचं. २० आणि १६ मिलिमीटर निघाले तर साधारण दीडपट.

जोडणी बादलीभर पाण्यात बुडवूनच करा. नळीत एक बुडबुडा राहिला तरी दाब त्याला चिरडण्यात खर्च होतो आणि गाडी उडत नाही, नुसती हलते. पाण्यात ग्लिसरीनचे चार थेंब घातले की दट्ट्या सरकतो. खनिज तेल घालू नका, दट्ट्याचं रबर फुगून अडकतं. नळीच्या तोंडावर बारीक तार आवळा, नाहीतर पहिल्याच उडीला पाणी परीक्षकांच्या अंगावर. पुढच्या दोन सिरिंजचे दट्टे एका पट्टीला बांधले की एका हाताने नाक उचलता येतं.

"जीटीए ऑनलाइनमध्ये व्हूडू गंजलेलीच का मिळते?" (हुक्केरी)

जीटीए ऑनलाइन या इंटरनेटवरच्या खेळात ती खेळातल्या ५,५०० डॉलरची मोडकी गाडी आहे, तुम्ही ती घडवावी म्हणूनच तशी दिलेली. ऑक्टोबर २०१५ च्या लोरायडर्स अपडेटपासून स्ट्रॉबेरी भागातल्या बेनीच्या गॅरेजात तिची कस्टम आवृत्ती होते, खर्च ४,२०,००० डॉलर. हायड्रॉलिक्स, आतली सजावट, डिकीतलं सामान यांचे पैसे त्यावर वेगळे, तेव्हा रूपांतराआधी खिशात शिल्लक ठेवा.