‘आय हॅव फिफ्टी यीअर्स’

प्रश्न : माझी भाची माद्रिदमध्ये इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण घेतेय. वर्गात सगळी मोठी, स्पॅनिश बोलणारी माणसं. त्याच त्या चुका करतात म्हणून ती रडकुंडीला आलीय. तुम्ही तिथे शिकवलंय, काय सांगाल?

उत्तर : त्या चुका मातृभाषेतून येतात. माझ्या पहिल्याच तासाला एक सुतारकाका म्हणाले, ‘आय हॅव फिफ्टी यीअर्स.’ मी सगळ्यांसमोर तीनदा सुधारलं. ते गप्प झाले ते तास संपेपर्यंत. त्याचं मला आजही वाईट वाटतं. स्पॅनिशमध्ये माणसाकडे वर्षं ‘असतात’ : ‘तेंगो थिंक्वेंता आन्योस’. मग मी हे वाक्य आणि इंग्रजीतलं ‘आय ॲम फिफ्टी’ अशी दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारीशेजारी लिहू लागले.

‘स्कूल’चं ‘एस्कूल’ होतं, कारण स्पॅनिश शब्द ‘स्क’, ‘स्ट’ने सुरूच होत नाही, शाळा म्हणजे ‘एस्क्वेला’. माझी आजीही ‘इस्कूल’च म्हणायची! आधी लांब ‘स्स्स’ म्हणायला लावायचं, मग ‘कूल’ जोडायचं.

दिवसभर राबून रात्री आठला येतात हो ती माणसं. भाचीला म्हणावं, बोलताना अडवू नकोस. चुका वहीत टिप, शेवटची दहा मिनिटं नाव न घेता फळ्यावर मांड. माझ्या त्या सुतारकाकांनी महिन्याभरात आपणहून हात वर केला होता.