क्लास नको, लिहून घेणंही नको: मराठी माध्यमातून आलेल्यांचं प्रबंधाचं इंग्रजी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता मृदाशास्त्रात पीएचडी, आणि गाइडनी प्रबंधाचं पहिलं प्रकरण 'लँग्वेज पुअर' असा शेरा मारून परत दिलं. मग स्पोकन इंग्लिशचा क्लास लावावा की पैसे देऊन कोणाकडून लिहून घ्यावं?

दोन्ही करू नका. सतरा वर्षं मी पदव्युत्तर मुलांना संशोधनलेखन शिकवतेय, त्या अनुभवावरून सांगते. लिहून घेतलेल्या प्रबंधातल्या प्रत्येक वाक्याचं उत्तर तोंडी परीक्षेत तुम्हालाच द्यायचं असतं. आणि क्लासमध्ये बोलण्याची भीड चेपेल, पण प्रकरण लिहिता येणार नाही.

तुम्ही दिलेला पहिला परिच्छेद मी तीनदा वाचला. व्याकरणाच्या चुका आहेत, पण त्या एका दुपारचं काम. खरी अडचण ही, की सुरुवात 'सॉइल इज द मदर ऑफ ऑल लाइफ' अशी आहे, मग भारत कृषिप्रधान देश, मग हरितक्रांती, आणि तुमचा विषय, म्हणजे क्षार साचून बिघडलेली क्षारपड जमीन, थेट नवव्या ओळीत. शाळेत निबंधाला अशी लांबून सुरुवात केली की मार्क मिळायचे, ती सवय हाताला बसली आहे. प्रबंध वाचणारा मात्र पहिल्या ओळीपासून तुमचा प्रश्न शोधत असतो.

गंमत म्हणजे चांगली प्रस्तावना तुम्ही लिहिलेली आहे, याच प्रश्नात, मराठीत! 'पाणी जास्त आणि निचरा नाही, म्हणून उसाच्या पट्ट्यात जमीन क्षारपड होते. भूमिगत पाइप टाकले की क्षार कमी होतात हे माहीत आहे. पण पाइप टाकून पाच-सहा वर्षं झालेल्या शेतांत पुढे काय होतं, ते आमच्या भागात कोणी मोजलेलं मला सापडलं नाही. मी ते मोजतेय.' जॉन स्वेल्स या भाषाशास्त्रज्ञानं शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासून 1990 मध्ये जी मांडणी सांगितली, ती नेमकी हीच: आधी काय माहीत आहे, मग कुठे जागा रिकामी आहे, मग ती मी कशी भरतेय. ही चार वाक्यं इंग्रजीत आणा आणि प्रत्येकाचा एक परिच्छेद करा.

इंग्रजीत आणताना आपल्याला सर्वांत जास्त छळतात ते 'ए' आणि 'द'. मराठीत ते नाहीत असं म्हणतात, पण कानाला ते ठाऊक आहेत. 'काल एक शेतकरी भेटला. त्या शेतकऱ्यानं...' यातला 'एक' म्हणजे बहुतेक वेळा 'ए', आणि 'त्या' म्हणजे 'द'. वाचकानं 'कुठला?' विचारलं आणि 'आत्ताच सांगितला तोच' असं उत्तर येत असेल, तर 'द' लावा. सगळीकडे नाही जमणार, पण निम्म्याहून जास्त जागा सुटतील. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको. ते आपलं 'बद्दल' डोकावतंय. 'रिसर्च', 'इक्विपमेंट', 'लिटरेचर' यांना 'एस' लावू नका.

'धिस प्रूव्ह्ज' हे तुमच्या परिच्छेदात दोनदा आहे, तिथे जरा थांबा. दोन हंगामांच्या मोजणीवरून काही सिद्ध होत नाही. 'असं दिसतं' एवढंच म्हणता येतं. म्हणून 'सजेस्ट्स' लिहा. ही नम्रता नाही, हिशोब आहे: पुरावा जेवढा, तेवढंच क्रियापद.

आता नाजूक गोष्ट. मधली तीन वाक्यं तुमची वाटत नाहीत. एकाएकी सफाईदार झाली आहेत. तुम्ही चोरी केली असं मी म्हणत नाही. आपल्या इंग्रजीवर विश्वास नसला की माणूस दुसऱ्याचं वाक्य घेऊन त्यातले चार शब्द बदलतो. माझ्या पहिल्या शोधनिबंधात मी हेच केलं होतं, आणि परीक्षकानं त्या ओळींखाली रेघा मारून तो परत पाठवला. ते पान अजून माझ्याकडे आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य 10 टक्क्यांच्या पुढे आणि 40 पर्यंत गेलं, की प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो. त्यापुढची शिक्षा आणखी कडक आहे. पण टक्केवारीला घाबरून शब्द फिरवत बसू नका. पेपर वाचा, बंद करा, आणि त्यात काय सापडलं ते घरच्या कोणाला तरी मराठीत सांगा. आई, भाऊ, कोणीही चालेल. सांगताना अडखळलात तर पेपर अजून समजलेला नाही, पुन्हा वाचा. न अडखळता सांगता आलं, की लगेच, पेपर न उघडता, इंग्रजीत लिहा. वाक्य ओबडधोबड येऊ दे. संदर्भ मात्र तिथल्या तिथे टाका, नंतर शोधायला गेलात की सापडत नाही.

गाइडकडे सगळं प्रकरण परत नेऊ नका. आधी या चार वाक्यांचं एक पान न्या आणि विचारा, 'सर, हाच क्रम ठेवू का?' क्रम पक्का झाला की भाषेवरचे शेरे निम्मे होतात, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. नवा परिच्छेद झाला की इथेच टाका, मी ओळ न् ओळ वाचेन.